सारखं मॉडेल, दोन देश, दोन आवाज: गिटारच्या पोटात नेमकं काय असतं?

धंतोलीकर | २८ एप्रिल, रात्री १०:५२

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे २००९ साली घेतलेली अकूस्टिक गिटार आहे. ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद पोटाचा) आकार, तेव्हा साडेसहा हजारांना पडली होती. आतल्या कागदावर 'मेड इन इंडोनेशिया'. मागच्या महिन्यात भाचीसाठी त्याच कंपनीची, त्याच नावाची गिटार घेतली. हिच्या कागदावर 'मेड इन चायना'. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच आखाडा होतो.) दोन्ही आळीपाळीने वाजवल्या आणि चाट पडलो. जुनीचा खर्ज इतका भरीव की जी कॉर्ड मारला की छातीला टेकलेली तिची पाठ थरथरते. नवी सुरात आहे, स्वच्छ आहे, पण आखडलेली. नवी सून पाहुण्यांसमोर बोलते तशी.

इथे नागपुरात बर्डीतल्या एका दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "भैया, वो इंडोनेशिया का माल है, अब वैसा नहीं आता." शेजारच्या दुकानात म्हणाले, "दोनों प्लाय है, कान का खेल है."

मग रात्री तारा सैल करून, टॉर्च लावून, फोन साउंडहोलमधून (मधल्या गोल भोकातून) आत सरकवून दोघींच्या पोटाचे फोटो काढले. खाली जोडलेत. वरच्या फळीला आतून पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात. दोघींतही मोठी फुली आहे, तिच्याखाली दोन तिरप्या पट्ट्या. फरक एवढाच की जुनीतल्या पट्ट्या मध्ये खोलगट तासलेल्या आहेत, नवीतल्या सरळसोट. आवाजातला फरक याचा, की देशाचा, की इतक्या वर्षांत मुरलेल्या लाकडाचा?

बुलबुलतरंग | २८ एप्रिल, रात्री ११:२०

तर्री-पोह्यांची प्लेट घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. रात्री सव्वाअकराला तर्री कुठे मिळाली ते विचारू नका.

पेठेतला_पाहुणा | २९ एप्रिल, सकाळी ७:०५

दुकानदाराला हसू नका, तो बरोबर बोलला. कारखाना बदलला की लाकूड वाळवायची भट्टी बदलते, चिकटवायचा गोंद बदलतो, पट्टी तासणारा हात बदलतो, वरच्या पॉलिशचा थर बदलतो. यामाहाची एफजी-१८० घ्या. १९६६ साली जपानात आली. आत 'निप्पॉन गक्की' (यामाहाचं तेव्हाचं नाव) लिहिलेलं लाल लेबल. वरची फळी चक्क प्लायची. तरी आजही शौकीन लोक ती शोधून शोधून घेतात. तो आवाज कुठल्या पट्टीचा म्हणायचा? मी कारखान्याच्या बाजूने.

आणि फोन गिटारच्या पोटात सरकवण्याआधी, तो आत पडला तर काढणार कसा, हे ठरवत जा.

सुतारपक्षी | २९ एप्रिल, रात्री ९:४०

धंतोलीकर भाऊ, फोटो पाहिले. मोठे करकरून पाहिले.

मी काही लुथियर-बिथियर, म्हणजे गिटारी बनवणारा कारागीर, नाही. महालात आमचं फर्निचरचं काम, वडिलांपासून. दहा-बारा वर्षांपासून लोकं गिटारी आणून देतात त ते पण करतो. म्हणून सुताराच्या हिशेबानं सांगतो.

बारा नंबरचा (हा तारांच्या जाडीचा नंबर) संच सुरात लावला की सहा तारा मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोनं ओढतात. रात्रंदिवस. आणि ज्या फळीवर ब्रिज, म्हणजे तारा अडकवाची लाकडी पट्टी, चिकटवला ते फळी तीन मिलिमीटरच्या आसपास. नुसती ठेवली त ब्रिज पुढं झुकन, त्याच्या मागची फळी फुगन, पुढची साउंडहोलकडं दबन. म्हणून आतून पट्ट्या. पण पट्ट्या लय मजबूत झाल्या त फळी हलतच नाही, आणि फळी नाही हलली त आवाज येईन कुठून? म्हणजे बनवणाऱ्याले एकाच फळीचा पलंग पण बनवाचा आहे अन् ढोलकी पण. सारं भांडण एवढंच आहे.

आता तासलेली पट्टी. घरावर तुळई टाकता तेव्हा आडवी टाकता का उभी? उभी. काहून, का रुंदी दुप्पट केली त ताठपणा दुप्पट होते, उंची दुप्पट केली त आठपट. तेच उलटं करून पाहा. चौदा मिलिमीटर उंचीची पट्टी तासून बारावर आणली त वजन गेलं चौदा टक्के, ताठपणा गेला सदतीस टक्के. दोन मिलिमीटर! रंध्याचे चार हात. म्हणून 'फुली आहे का' एवढं विचारून काही समजत नाही. फुली त पाच हजाराच्या गिटारीत पण असते. पट्टी किती उंच, कुठं तासली, फुलीचा मध्य साउंडहोलपासून किती दूर, आणि फळीले नीट चिकटून आहे का, हे पाहा लागते.

शेवटचं जे लिहिलं ते तुम्ही आधी पाहा. तुमच्या जुन्या गिटारीच्या तिसऱ्या फोटोत मले एक काळी रेघ दिसून राहिली. सावली असू शकते. ब्रिजच्या मागं स्टीलची पट्टी आडवी ठेवून फळी किती फुगली ते मोजा. आणि एखाद्या सुरावर भुणभुण येते का, ते पण सांगा.

धंतोलीकर | २९ एप्रिल, रात्री १०:३१

भुणभुण येते! पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात, अधूनमधून. मी आजवर फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) दोष देत होतो. फुगवटा मोजला: पट्टी मध्ये टेकवली तर दोन्ही कडांना जुनीला तीन मिमीच्या वर फट राहते, नवीला जेमतेम एक.

सुतारपक्षी | २९ एप्रिल, रात्री १०:३८

हं. थोडी फुगलेली त असतेच, कंपनीतूनच बाक देतात. तीनच्या वर म्हणजे पाहा लागन. आणून दाखवा.

परदेसी_वऱ्हाडी | ३० एप्रिल, पहाटे ५:१५

मूळचा अकोटचा, सध्या सॅन दिएगोत. इथून जवळच एल कॅहोनमध्ये टेलर या गिटार कंपनीचा कारखाना आहे, पाहून आलोय. त्यांचा दुसरा कारखाना सीमेपलीकडे मेक्सिकोत, तेकातेला. नागपूरहून रामटेकला जावं तेवढंच अंतर. स्वस्त मालिका तिकडे होतात, महाग इकडे. स्वस्तातल्या गिटारींच्या पाठी आणि बाजू प्लायच्या, महागातल्या बहुतेक सॉलिड लाकडाच्या. म्हणजे फरक कंपनीने कागदावर ठरवून केलेला आहे. आणि मंडळी तावातावाने 'मेक्सिकन आवाज' आणि 'अमेरिकन आवाज' यावर वाद घालतात.

पाहुण्यांसाठी आणखी एक उदाहरण, देश एकच असलेलं. गिब्सन कंपनीचा जुना कारखाना मिशिगनमधल्या कॅलमाझूत. दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले आणि गिटारी बनवायचं बरंचसं काम बायकांनी केलं. त्या काळातल्या जे-४५ मॉडेलला आज लोक जीव टाकतात. आणि १९७० च्या दशकात? तेच शहर, तीच कंपनी, तेच नाव. फक्त वॉरंटीत परत येणाऱ्या गिटारी कमी व्हाव्यात म्हणून आत एक फुली होती तिथे दोन फुल्या घातल्या आणि सगळंच जाडजूड केलं. त्या गिटारी ठोकळ्यासारख्या वाजतात म्हणून बदनाम आहेत. 'मेड इन यूएसए'चा शिक्का दोन्हींवर आहे.

मार्टिन या अमेरिकन कंपनीचंही तेच. कंपनी १८३३ सालची. फुली त्यांच्याकडे १८४० च्या दशकात आली. गंमत म्हणजे तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पोलादी तारा रुळल्या त्या विसाव्या शतकात, आणि तो ताण पेलायला फुली आधीच तयार होती! तिकडे स्पेनमध्ये तोर्रेस नावाच्या कारागिराने पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या रुजवल्या, त्या क्लासिकल गिटारमध्ये आजही आहेत, कारण तिथे ताण बराच कमी. तर मार्टिनने १९४४ च्या सुमारास पट्ट्या तासणं बंद केलं, कारण लोक जाड तारा लावायचे आणि फळ्या फुगून परत यायच्या. मग जुन्या आवाजासाठी लोक इतके हळहळायला लागले की १९७६ साली एचडी-२८ हे मॉडेल काढून तासलेल्या पट्ट्या परत आणल्या. म्हणजे १९४२ ची डी-२८ आणि १९५२ ची डी-२८, दोन्ही पेनसिल्व्हेनियातल्या नाझारेथच्या. पत्ता तोच, पोट वेगळं.

पेठेतला_पाहुणा | ३० एप्रिल, सकाळी ८:५०

परदेसी, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. पट्टी कोणी आपोआप तासत नाही. कारखान्यातलं कोणीतरी ठरवतं आणि कोणाचा तरी हात ते करतो. 'मेड इन'चा शिक्का म्हणजे त्या हातांचा पत्ता.

कोरियाची गोष्ट सांगतो. कॉर्ट ही कंपनी स्वतःच्या नावाच्या गिटारी करतेच, शिवाय दुसऱ्या मोठ्या नावांसाठीही करून देत आली आहे. २००७ साली त्यांनी कोरियातले कारखाने बंद केले. उत्पादन आधीच इंडोनेशिया आणि चीनकडे सरकलं होतं. ज्यांनी आयुष्यभर फळ्या घासल्या ते कामगार रस्त्यावर आले आणि बारा वर्षं लढले. तडजोड झाली २०१९ साली. तेव्हा 'अब वैसा नहीं आता' म्हणणाऱ्या दुकानदाराच्या तोंडून अर्धवट का होईना, खरा इतिहास बोलतोय.

परदेसी_वऱ्हाडी | ३० एप्रिल, सकाळी ९:३०

हातांचं मान्य. पण दुकानदार इंडोनेशिया चांगला आणि चीन वाईट म्हणतोय. तुमच्याच गोष्टीतली मंडळी इंडोनेशियालाच शिव्या घालत असतील.

बुलबुलतरंग | ३० एप्रिल, सकाळी ९:४४

आमच्या वडिलांच्या काळात जपानचा माल म्हणजे तकलादू असं म्हणत. पुढे कोरिया तकलादू झाला, मग चीन. आता व्हिएतनामने तयारीत राहावं.

निषाद_कोमल | ३० एप्रिल, दुपारी १:१२

लक्ष्मीनगरला गिटारचा क्लास घेते. धंतोलीकर दादा, पहिला प्रश्न: दोन्हींवर तारा कोणत्या आहेत आणि कधी बदलल्या? दुसरा प्रश्न: दोघी कुठे ठेवल्यात? कूलरच्या खोलीत?

धंतोलीकर | ३० एप्रिल, दुपारी २:०५

ताई, शरणागती. जुनीवर फॉस्फर ब्राँझच्या बारा नंबर, दोन महिन्यांपूर्वी लावलेल्या. नवीवर कंपनीच्याच आहेत, बहुतेक अकरा नंबर, कधीच्या देव जाणे. आणि हो, जुनी हॉलमध्ये, कूलरपासून चार फुटांवर स्टँडवर. नवी भाचीच्या खोलीत, बॅगेत.

निषाद_कोमल | ३० एप्रिल, दुपारी २:४०

मग झालं तर! देश आणि पट्ट्यांवर एवढे प्रतिसाद झाल्यावर तारांचं कळतंय.

आधी दोन्हींवर एकाच पाकिटातल्या तारा लावा. ताण बदलला की फळीला मिळणारा जोरच बदलतो. आता कूलरचं. हे बाहेरच्या मंडळींना समजणार नाही. नागपुरात मे महिन्यात दुपारी बाहेर आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते. आणि वाळ्याच्या टट्ट्या लावलेल्या कूलरच्या झोतात माझ्या आर्द्रता मोजायच्या घड्याळावर सत्तर दिसले आहेत. कंपन्या सांगतात ४५ ते ५५ मध्ये ठेवा. आपली गिटार सकाळी वाळवंटात असते आणि दुपारी कोकणात. रोज. लाकूड फुगतं, आक्रसतं, पुन्हा फुगतं. फळी रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, पण आतली पट्टी लांबीच्या दिशेने जवळपास हलतच नाही. दोघींमध्ये ओढाताण होते ती गोंदाच्या थरात. माझ्या क्लासमधल्या अकरा गिटारींपैकी तीन अशाच गेल्या. मे महिन्यात फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटाला टोचायला लागली की समजायचं, हिला तहान लागली आहे. जुलैत उलटं होतं. तारा वर उचलल्या जातात आणि मुलं म्हणतात, मॅम, गिटार कडक झाली.

आणि कारच्या डिक्कीत तर अजिबात नाही. उन्हात उभ्या गाडीत गोंद मऊ होतो, ब्रिज सरकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

जुना_सदरकर | १ मे, सकाळी ११:००

महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. विषयांतर समजा हवं तर. माझ्याकडे १९७८ ची कोलकात्याची गिटार आहे. गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांना ऐकून आम्ही चार मित्र हवाईयन गिटार शिकायला लागलो होतो, त्या वेडातली. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडी फिरवायची. तुमचा धागा वाचून आत टॉर्च मारला. फुली नाहीच! चार पट्ट्या, सगळ्या आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. ब्रिजपुढे फळी बशीसारखी खचली आहे. तरी तिचा आवाज, कसा सांगू, लगेच उठतो आणि लगेच बसतो. जुन्या रेडिओतून आल्यासारखा.

परदेसी_वऱ्हाडी | १ मे, दुपारी १२:२०

सदरकर काका, विषयांतर कसलं, हेच तर पाहिजे होतं. याला शिडीची पद्धत म्हणतात, फुलीपेक्षा जुनी. स्वस्त गिटारींत तीच असायची कारण करायला सोपी. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी स्टेला नावाच्या स्वस्त गिटारी मिळायच्या, त्याही शिडीच्याच. गरीब ब्लूज गायकांच्या हातात त्याच होत्या, लेड बेलीची बारा तारांची गिटारही स्टेलाच. आता त्याच कोरड्या, पटकन विझणाऱ्या आवाजासाठी लोक मुद्दाम शिडीच्या गिटारी बनवून घेतात आणि भरपूर पैसे मोजतात.

मिरजेचा_भोपळा | १ मे, रात्री ८:१५

आमच्याकडे सतारीच्या तबलीला, म्हणजे वरच्या फळीला, पट्ट्यांचं असलं जाळं नसतं. तबलीचा बाक आणि जाडी यांनीच भार घ्यायचा. कारागीर बोटाने टकटक करत तबली उतरवत जातो. कुठे थांबायचं ते मोजपट्टी नाही सांगत. आणि एवढं करून जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा घासलेला माथा) बिघडली असेल तर सगळं पाण्यात. तुमच्याकडे सॅडलचं, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीचं, तसंच असणार. धाग्यात अजून कोणी सॅडलचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहिलं.

पेठेतला_पाहुणा | २ मे, सकाळी ७:४०

आणि पाठीच्या लाकडाचाही नाही. शिसवीची पाठ म्हणजे खर्ज, महोगनीची म्हणजे कोरडा मध्य, असं प्रत्येक कॅटलॉगात असतं. आपलीच शिसवी हो. ब्राझीलची मिळेनाशी झाली तेव्हा १९६९ पासून मार्टिनने भारतीय शिसवी धरली.

एफएफटी_वाला | २ मे, सकाळी ९:०२

पाहुणे, त्यावर चाचणी झाली आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी बनवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. ५२ वादकांना मंद उजेडात वेल्डिंगचे गॉगल घालून वाजवायला दिल्या. निष्कर्ष २०१८ साली छापून आले. कोणत्याच लाकडाला ठळकपणे वरचढ गुण पडले नाहीत आणि त्या ओळखणंही बहुतेकांना जमलं नाही. महाग शिसवी आणि साधं लाकूड एकाच माळेत.

वरच्या फळीचं तसं नाही, तिथे खरोखर फरक मोजता येतो. ब्रिजवर बोटाने टकटक करून मोबाइलवर ध्वनीचा आलेख पाहा. ड्रेडनॉटमध्ये पहिला उंचवटा शंभर हर्ट्झच्या आसपास, तो पोटातल्या हवेचा. दुसरा साधारण १७० ते २०० च्या मध्ये, तो फळीचा. फळी जितकी ताठ तितका तो वर. धंतोलीकर, दोन्ही गिटारी घेऊन या, मोजू. मी प्रतापनगरला असतो.

निषाद_कोमल | २ मे, सकाळी ९:३०

मग माझ्याच क्लासमध्ये या ना रविवारी सकाळी, कूलर बंद ठेवते. डोळ्यांना वेल्डिंगचे गॉगल नाहीत, पण नागपूरच्या मुलींकडे उन्हात तोंडाला बांधायचे दुपट्टे मुबलक आहेत.

धंतोलीकर | ५ मे, रात्री ९:१८

वृत्तांत. काल सकाळी आठला जमलो. दोन्ही गिटारींवर एकाच कंपनीच्या बारा नंबरच्या नव्या तारा. खोलीत आर्द्रता ३४ टक्के. सात जण, डोळ्यांवर चौपदरी दुपट्टा. वाजवणार फक्त ताई, एकाच जाडीच्या प्लेक्ट्रमने. प्रत्येकाने चार वेळा ऐकून 'जुनी' की 'नवी' सांगायचं. एकूण अठ्ठावीस उत्तरं, त्यातली एकोणीस बरोबर. मी स्वतः चारपैकी दोन! सोळा वर्षांचा संसार आणि पन्नास टक्के गुण. ताईंची एक दहावीतली विद्यार्थिनी चारपैकी चार. तिला विचारलं कसं ओळखलंस, तर म्हणाली, "एकीतून फर्रर्र येतं शेवटी."

नव्या तारा लागल्यावर भाचीची गिटार बरीच मोकळी झाली, हे आधी कबूल करतो. माझ्या 'आखडलेली'तला बराच भाग जुनाट तारांचा होता.

एफएफटी_वाला | ५ मे, रात्री ९:५५

आकडे मी देतो. हवेचा उंचवटा दोघींचा जवळपास सारखा, जुनी ९८, नवी १०१. फळीचा: नवी १९६ हर्ट्झ, जुनी १६८. अठ्ठावीस हर्ट्झ हा नुसत्या तासलेल्या पट्टीच्या मानाने मला जास्त वाटतो. शिवाय जुनीचा उंचवटा नीट टोकदार नाही, पसरट आहे आणि शेजारी एक छोटं पिल्लू आहे. काहीतरी सुटं हलतंय.

सुतारपक्षी | ५ मे, रात्री १०:१०

आता त आणाच. उद्या दुकान बंद आहे, घरी या.

सुतारपक्षी | ९ मे, रात्री ९:००

धंतोलीकर भाऊंनी सांगितलं तुम्हीच लिहा, म्हणून लिहितो.

तारा काढल्या. आत हात घालून पट्ट्यांवर बोट फिरवलं, मग लहान आरसा लावला. फुलीचा खालचा एक पाय, खर्जाच्या बाजूचा, टोकापासून आत सहा-सात सेंटीमीटर फळीपासून सुटला होता. पोस्टकार्डाची पट्टी कापून सरकवली, सरळ आत गेली. तिसऱ्या फोटोतली काळी रेघ ते हीच. बाजूची तिरपी पट्टी ठीक वाटली.

म्हणजे समजून घ्या. ते फळी त्या बाजूनं मोकळी झाली होती. ताठपणा कमी, म्हणून फुगली. फुगली अन् जास्त हलाले लागली, म्हणून तो छाती हलवणारा खर्ज. अन् पट्टीचं सुटं टोक फळीवर आपटते, म्हणून फर्रर्र. ज्याले तुम्ही इंडोनेशियाचा आवाज म्हणून राहिले होते, त्यात अर्धा त आपल्या कूलरचा आवाज आहे.

दुरुस्ती सोपी आहे पण घाई नाही करावं. आधी चार दिवस गिटार कूलरपासून दूर ठेवली. नाही, चार दिवस नाही, दोनच ठेवली, भाऊले धीर नव्हता. एक्स-रेच्या जुन्या फिल्मची पट्टी कापली, तिच्यावर लाकडाचा पिवळा गोंद लावून फटीत आतपर्यंत फिरवला. पूर्वी सरस वापरत, तो चांगलाच, पण फटीत जाईपर्यंत थंड होते. मग आतून लहान स्क्रूचा टेकू दिला, वरून फळीवर लाकडी ठोकळा आणि शिकंजा. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसला. पूर्ण एक दिवस हात नाही लावला. फेविक्विक कोणी टाकू नका बाप्पा, ते फटीत जाते आणि पुढच्या दुरुस्तीले जागाच ठेवत नाही.

पेठेतला_पाहुणा | ९ मे, रात्री ९:२५

मेड इन इंडोनेशिया, लूज इन धंतोली.

(माघार नाही हां. पट्टी सुटली तर चिकटवणाऱ्या कारखान्याचाही त्यात वाटा आहेच.)

सुतारपक्षी | ९ मे, रात्री ९:४१

पाहुणे, सोळा उन्हाळे काढले तिनं नागपुरात. तुम्ही दोन काढून दाखवा.

एफएफटी_वाला | ११ मे, सायंकाळी ७:३०

पुन्हा मोजलं. त्याच तारा, खोलीत ३६ टक्के. जुनी आता १८७, उंचवटा टोकदार, पिल्लू गायब. नवी १९६ वरच. म्हणजे अठ्ठावीसातले एकोणीस हर्ट्झ सुटलेल्या पट्टीचे. उरलेल्या नऊमध्ये तासलेली पट्टी, फळीची जाडी, लाकडाचं वय, सगळे वाटेकरी, आणि त्यांच्या वाटण्या करणं माझ्या मोबाइलला शक्य नाही. देशालाही त्यातूनच काय ते द्या.

निषाद_कोमल | ११ मे, रात्री ८:०५

माझ्या कानाला दुरुस्तीनंतरची जुनी जास्त आवडली. खर्ज थोडा आवरला, पण कॉर्डमधले सूर एकमेकांपासून सुटे ऐकू येतात. पाचव्या तारेवरची भुणभुण गेली. विद्यार्थिनीला पुन्हा ऐकवलं, या वेळी तिलाही ओळखता आली नाही.

नवी गिटार घेणाऱ्यांनी दुकानात एवढं तरी करा: साउंडहोलच्या कडेला वरच्या फळीच्या रेषा आतपर्यंत सलग उतरतात का पाहा. उतरल्या तर सॉलिड, मध्येच थर दिसले तर प्लाय. आणि आत फोन घालून एक फोटो. दुकानदार बघतो विचित्र नजरेने, बघू द्या.

धंतोलीकर | १२ मे, रात्री ११:४०

सगळ्यांचे आभार, विशेषतः सुतारपक्षी काकांचे. त्यांनी पैसे घेतले नाहीत, काकूंनी वर सांभारवडी खाऊ घातली.

आता खरं सांगू का? गिटार दुरुस्त झाली आणि मला ती परकी वाटतेय. स्वच्छ वाजते, सुरेल वाजते, सगळे म्हणतात छान झाली. पण जी कॉर्ड मारला की छातीत काही होत नाही. भाची दोन्ही वाजवून म्हणाली, "मामा, आता तुझी पण माझ्यासारखीच झाली." तिला आनंद झाला होता.

काका, एक विचारतो, हसू नका. ती पट्टी थोडी परत सोडवता येईल का?

सुतारपक्षी | १३ मे, सकाळी ७:१०

हसलो नाही. तुम्ही पहिले नाही असं विचारणारे.

येते सोडवता, पण सोडवू नका. आणखी चार-पाच वर्षांत ब्रिज झुकन आणि मग फळीच जाईन. तसा मोकळा आवाज पाहिजेच असन त पट्ट्या आत हात घालून थोड्या अजून तासता येतात, लहान पटाशीनं. ते मी तुमच्या गिटारीवर नाही शिकणार. आणि प्लायच्या फळीवर किती फरक पडन, सांगता येत नाही.

एक गोष्ट तेव्हा लिहिली नव्हती. शेजारच्या तिरप्या पट्टीचं टोक पण थोडं उचललेलं आहे, नखाएवढं. तेव्हा ठीक वाटली म्हटलं, पण मन मानलं नाही, परत पाहिलं. अजून आवाज करत नाही. चिकटवून टाकाचं का? एका दिवसाचं काम आहे.

धंतोलीकर | १३ मे, सकाळी ७:२२

पाऊस लागेपर्यंत राहू द्या, काका.